लांडोर आणि गोगलगाईचे शंख

सागाच्या एका दाट रानात मोर-लांडोरींचा एक थवा राहत असे. पुढे रानाच्या कडेला एक बंगला उभा राहिला. तिथला खानसामा रोज सकाळी उरलेला भात मागच्या अंगणात टाकू लागला. पांढरा, मऊ आणि आयता. थव्याने हळूहळू रान सोडले आणि बंगल्यामागच्या चिंचेवर मुक्काम हलवला. काही वर्षांत तिथे एक रीतच पडली : भात खाणारे ते घरंदाज आणि पाचोळा उकरणारे ते गावंढळ. एखाद्या तरुण लांडोरीच्या चोचीला चिखल दिसला, तर थोरल्या लांडोरी तिला फांदीवर शेजारी बसू देत नसत.

या थव्यातल्या एका तरुण लांडोरीने एका पावसाळ्यात पहिल्यांदा अंडी घातली. करवंदीच्या जाळीखाली खळगा करून, त्यात पाने पसरून तिने ती घातली होती. मग ती अंड्यांवर बसली. बसताच पोटाखाली काहीतरी चेपल्याचा आवाज झाला. ती दचकून उठली. अंड्यांची टरफले इतकी पातळ होती की तिच्याच वजनाने ती फुटली होती. मुलांनो, विचार करा. अंड्यांना ऊब द्यायची तर त्यांच्यावर बसायलाच हवे, आणि बसावे तर ती फुटतात. त्या पावसाळ्यात थव्यातल्या सगळ्याच तरुण लांडोरींचे असे झाले. एकही पिल्लू जन्मले नाही.

थव्यातली सर्वांत थोरली लांडोर सगळ्यांची आत्याबाई होती. तिला कारण ठाऊक होते. निदान तिचे तसे म्हणणे होते.

"तुम्हा मुलींना बसायची रीत नाही," आत्याबाई म्हणाली. "धपकन बसता."

"मी अगदी हळू बसले होते, आत्याबाई."

"मग जागा वाईट असेल."

"सगळ्यांची जागा वाईट कशी असेल? आणि तुमच्या वेळची अंडी कशी टिकली?"

"आमच्या अंगातच होतं ते," आत्याबाईने मान वळवली. "आम्ही नाही असे उलट प्रश्न विचारले."

कारण विचारले की काही मोठी मंडळी आपले वय सांगतात. त्याने विचारणारा गप्प होतो, पण अंडे काही टणक होत नाही.

वर्ष सरले. पुन्हा अंडी घालायचे दिवस जवळ आले आणि तरुण लांडोरीची झोप उडाली. यंदाही तसेच झाले तर? त्यातच तिला एक विचित्र ओढ लागली. भात खाऊन पोट भरलेले असायचे, तरी ती बंगल्याच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. तिथला चुना सुटला होता. त्याचे पोपडे तिला खावेसे वाटत. एकदा तिने दोन-चार टिपलेही.

"भिंत खातेस?" आत्याबाई मागून ओरडली. "लाज आण जरा. लोक म्हणतील, हिला कोणी जेवायला घालत नाही."

"पण मला हे हवंसं का वाटतंय?"

"नसते लाड आहेत जिभेचे. चल, भात गार होतोय."

लांडोर निघाली खरी, पण अंगणात न जाता सरळ रानात शिरली. तिथे ओढ्याच्या वरच्या अंगाला एका रानकोंबडीचे घरटे होते. रानकोंबडी नुकतीच उठून पाय मोकळे करत होती. तिच्या लहानशा खळग्यात सात-आठ अंडी होती. चालता चालता तिचा पाय एका अंड्यावर पडला. अंडे नुसते गडगडले.

लांडोर पाहतच राहिली. "तुझं अंडं फुटलं नाही?"

"फुटायला काय झालं? अंडं आहे ते, बुडबुडा नाही."

"तू करतेस तरी काय?"

"मी?" रानकोंबडीला हसू आले. "चरते, अंडी घालते, बसते. मग पोरं निघतात आणि डोकं खातात. तुमच्या चिंचेवर काही निराळं चालतं का?"

रानकोंबडीला स्वतःलाच कारण ठाऊक नव्हते. तेव्हा लांडोरीने ठरवले की आपणच पाहायचे. ती दिवसभर रानकोंबडीच्या मागे फिरली. रानकोंबडीने पाचोळा उकरला, वाळवी खाल्ली, कोवळा पाला तोडला, ऊन पडले तशी पंख पसरून उन्हात लोळली. आणि ओढ्याकाठी आल्यावर तिने चिखलातून गोगलगाईचा एक रिकामा, पांढरा पडलेला शंख उचलला, दगडावर आपटून फोडला आणि त्याच्या ठिकऱ्या गिळल्या.

"हे काय खाल्लंस?" लांडोरीने विचारले.

"शंख. एरवी नाही गं लागत. अंडी घालायच्या दिवसांत मात्र खावासा वाटतो. तुला नाही वाटत?"

लांडोर जागच्या जागी थांबली. ती पांढरी ठिकरी तिने निरखून पाहिली. मग बंगल्याची भिंत आठवली. मग अंड्याचे टरफल. तिघांचा रंग एक आणि मोडल्यावर होणारा भुगाही तसाच. भाताने तिचे पोट भरत होते, पण टरफल ज्याचे बनते ते भातात जवळजवळ नव्हतेच. म्हणून तिचे अंग ते भिंतीकडे मागत होते. अंग बिचारे इतके दिवस सांगत होते आणि आत्याबाई त्याला दटावत होती.

त्या दिवसापासून लांडोर रोज सकाळी ओढ्याकाठी जाऊ लागली. थोड्या ठिकऱ्या गिळायची, मग पाचोळा उकरून किडे खायची, कोवळा पाला खायची आणि ऊन असले तर उन्हात बसायची. भिंतीच्या पोपड्यांची आता गरज उरली नव्हती; ते तिने सोडून दिले.

तिची चोच मात्र लपेना. चिंचेवर कुजबुज सुरू झाली. शंख खाल्ल्याने अंगात ताकद येते, एवढेच एका तरुण मोराच्या कानावर पडले. आपला पिसारा शेजाऱ्यापेक्षा हातभर लांब व्हावा, ही त्याची जुनी हौस. तो ओढ्यावर गेला आणि दिसेल तो शंख मोडून गिळत सुटला. संध्याकाळी त्याचा गळा दगडांच्या पिशवीसारखा लोंबू लागला. त्याला ना धड उडता येईना, ना ओरडता. पिसारा होता तेवढाच राहिला.

मग काय, आत्याबाईने चिंचेखाली सगळ्यांना बोलावले.

"बघितलंत?" ती मोराकडे चोच करून म्हणाली. "विष आहे ते. उद्यापासून ओढ्यावर कोणी जायचं नाही."

"त्याला कशाला हवे होते शंख?" तरुण लांडोर म्हणाली. "तो काय अंडी घालणार आहे?"

तरुण लांडोरी खुदखुदल्या. मोराने मान खाली घातली; तेवढी त्याला अजून घालता येत होती.

"त्याच्या अंगात काही कमी नव्हतं आणि त्याने गळाभर खाल्ले," लांडोर पुढे म्हणाली. "माझ्या अंगात कमी आहे आणि मी चिमूटभर खाते."

"आमच्या वेळी असलं काही खावं लागलं नाही."

"तुमच्या वेळी बंगला कुठे होता, आत्याबाई? तुम्ही रानात होतात. दिवसभर पाचोळा उकरत होतात. त्यात शंख किती गेले, किडे किती गेले, हे तुम्ही तरी पाहिलंत का? भात खायला लागलो आणि आपली अंडी पातळ झाली."

आत्याबाईचा तुरा ताठ झाला. "ज्या भातावर वाढलीस त्यालाच नावं ठेवतेस? पटत नसेल तर चिंच सोड."

"भाताला नावं नाही ठेवत. नुसत्या भाताला ठेवते," लांडोर म्हणाली आणि तिने चिंच सोडली. रागाने सोडली हे खरे, पण उडताना तिने दोनदा मागे वळून पाहिले. आपले चुकले असेल तर आता परतायला फांदीही नव्हती.

तिने रानकोंबडीच्या घरट्यापासून थोड्या अंतरावर नवा खळगा केला. एक एक करून चार अंडी घातली. आणि मग ती त्यांच्या बाजूला नुसती उभी राहिली. वारा सुटला होता, अंडी गार पडत चालली होती, तरी तिचे पाय वाकेनात.

"बस की," रानकोंबडी पलीकडून म्हणाली. "का मी येऊन बसू?"

"मागच्या वर्षीचा तो आवाज अजून कानात आहे माझ्या."

"मग कान मिटून बस. पण बस."

लांडोरीने पाय वाकवले. छातीची पिसे अंड्यांना टेकली. ती तशीच अर्धवट थांबली आणि ऐकत राहिली. काही ऐकू आले नाही. तिने थोडा भार टाकला. अंडी तशीच होती. आणखी थोडा टाकला. मग एकदम सगळे अंग सोडून दिले.

खाली चार टणक, गोल गोष्टी तिच्या पोटाला खुपत होत्या. इतके सुखाने तिला आजवर काही खुपले नव्हते. ती जराशी हलली, डावीकडे कलली, उजवीकडे कलली. काहीही फुटले नाही. तिने इतका मोठा श्वास सोडला की समोरची पाने उडाली.

"झालं?" रानकोंबडीने विचारले.

कित्येक दिवसांची जागी लांडोर बसल्या बसल्या झोपली होती.

काही दिवसांनी पाचोळ्यात पावलांचा आवाज आला. आत्याबाई होती. तिचे पाय चिखलाने माखले होते आणि ती ते एकेक करून झटकत होती.

"ऊठ बघू जरा," ती म्हणाली.

लांडोर उठली. आत्याबाईने वाकून अंड्यांकडे पाहिले, मग एका अंड्यावर हलकेच चोच मारली. टक्क असा आवाज आला. तिने दुसऱ्यावर मारली. पुन्हा टक्क.

"बसायची रीत आली म्हणायची तुला," ती शेवटी म्हणाली.

लांडोरीच्या जिभेवर चांगले खरमरीत उत्तर आले होते. पण पोटाखाली अंडी शाबूत असली की भांडायची घाई राहत नाही. "आली," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा बसली.

आत्याबाई निघाली, चार पावले गेली आणि मागे न वळताच थांबली.

"माझ्या धाकटीचे दिवस भरत आलेत. ते शंख कुठे मिळतात म्हणालीस?"

"ओढ्याकाठी, उंबराखाली. थोडेच द्या तिला. पालाही खाऊ दे, पाचोळाही उकरू दे. नुसते शंख खाऊन भागणार नाही."

"कळतं मला," आत्याबाई पुटपुटली.

महिन्याभराने त्या खळग्यातून चार पिल्ले बाहेर पडली आणि आईमागे धडपडत ओढ्यावर आली. तिथे चिंचेवरच्या बऱ्याच लांडोरी आधीच पाचोळा उकरत होत्या. धाकटीही होती, तिची अंडी घालून झाली होती आणि एकही फुटले नव्हते. सगळ्यांच्या चोची चिखलाने भरल्या होत्या. आत्याबाई तेवढी बाजूला दगडावर स्वच्छ उभी होती. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही अशी खात्री झाल्यावर ती हळूच खाली उतरली आणि पाचोळ्यात एक पाय मारून बघितला.

तात्पर्य एवढेच : पोट भरले म्हणजे शरीराची गरज भागलीच असे नाही. आपल्या अन्नात काय कमी पडते ते नीट पाहावे आणि तेच, हवे तेवढेच घ्यावे; आणि शरीर काही मागू लागले, तर त्याला दटावण्याआधी कारण शोधावे.