आशेवर सोडायचं पाणी

इनामदारांनी गावचा पाट आपल्या मोसंबीच्या बागेत वळवला आणि सगुणा कुंभारणीचा माती भिजवायचा खड्डासुद्धा भेगाळला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोरडं मडकं घेऊन ती बागेत शिरली, मागोमाग अख्खा गाव.

झोपाळ्यावरून इनामदार म्हणाले, "सगुणे, आशा हेच दुःखाचं मूळ. पाटाच्या आशेवर पाणी सोड, सोसायला शीक, मग बघ कशी सुखी होतेस!"

"सोडते की, सरकार!" सगुणाने मडकं त्यांच्या पायाशी आपटलं. त्याची खापरं झाली, पण थेंब सांडला नाही. "पण सोडू काय? आशेवर सोडायचं पाणीसुद्धा तुम्ही मोसंब्यांना पाजलंत!"

झोपाळा थांबला. गाव मात्र थांबला नाही. कुदळी घेऊन पाटाकडे निघाला.