चोपदाराचं पागोटं

बाहुल्या बोलत असत त्या काळची ही गोष्ट. खेळवाल्या भिकू ठाकराच्या पेटाऱ्यात एक राजा होता. सागवानी, जरीच्या अंगरख्याचा, बारा दोऱ्यांवर नाचणारा. त्याचा चोपदार उरलेल्या फळकुटाचा होता आणि त्याला दोऱ्या दोनच. राजा आला की वाकायचं, एवढंच त्याचं काम. पण वाकताना दरवेळी त्याचं पागोटं पडायचं आणि लोक पोट धरून हसायचे.

राजा म्हणाला, "भिकू, खेळ माझा आहे. याला आतच ठेव."

"महाराजांची मर्जी," भिकू म्हणाला.

पुढच्या गावी राजाने बाराही दोऱ्या ताणून तलवार फिरवली. लोक पानाला चुना लावत राहिले. एका म्हातारीने विचारलं, "चोपदार आजारी आहे काय रे?" मग माणसं उठायला लागली. तेव्हा राजानेच आरोळी दिली, "चोपदाराला बोलवा."

चोपदार आला आणि टाळ्यांनी मांडव दणाणला.

खेळ संपल्यावर पेटाऱ्यात राजा खुशीत होता. "बघितलंस? माझ्या एका वाक्याला केवढ्या टाळ्या पडल्या."

"होय महाराज," म्हणून चोपदार वाकला. पागोटं पडलं.