पाच मासे

“...मग सांगा ना बाबा, मेलेले मासे किनाऱ्यावर आले कुठून?”

कासमबाबांनी वर पाहिलं नाही. ते दर्ग्यातल्या चुलीतली राख काडीनं उकरत होते.

देवेन गिरकरला वाट बघायची सवय नव्हती. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन तो खुणवलीला परत आला होता, शहरातली नोकरी सोडून. खाडीच्या तोंडाशी मासा वर्षागणिक कमी आणि बारीक होत चालला होता, आणि हे थांबवायचंच असं त्यानं मनाशी घेतलं होतं. सोसायटीतल्या बावीस नौकांना त्यानं एक नियम पटवला. एका फेरीला वीस क्रेट. एकविसावा क्रेट धक्क्यावर उतरायचा नाही.

सहा आठवडे तो स्वतः धक्क्यावर उभा राहिला. एकविसावा क्रेट कुणीच उतरवला नाही.

आणि मंगळवारच्या भरतीनं वाळूवर मेल्या माशांचा पट्टा आणून टाकला. बोटाएवढे बांगडे, ढोमा, कोवळ्या मांदेल्या. कावळे आणि कुत्रीसुद्धा खाऊन कंटाळली.

“मीच सांगतो, शोधून काढलंय मी,” देवेन म्हणाला. “चार नौका आहेत. जास्त पकडतात, त्यातलं मोठं ठेवतात आणि बाकीचं समुद्रात फेकतात. आज चार वाजता सभा आहे. हंगाम संपेपर्यंत त्या चारही नौका धक्क्याला बांधून ठेवायच्या.”

“चार नौका म्हणजे किती चुली?”

“पंचवीस... सव्वीस.”

“हं.”

“तुम्ही मान हलवलीत तर सभा ऐकेल. माझं एकट्याचं नाही ऐकणार.”

हे खरं होतं. कासमबाबा तीस वर्षं तांडेल म्हणून स्वतःची नौका चालवत होते, मग ती पुतण्याला देऊन खाडीकाठच्या दर्ग्यात फकीर होऊन बसले. हिंदू असो की मुसलमान, खुणवलीची प्रत्येक नौका दर्ग्यासमोर इंजिन मंद केल्याशिवाय समुद्रात जात नसे.

“जेवलास का, कॉलेज?” बाबांनी विचारलं. देवेनला ते याच नावानं हाक मारत.

“जेवण राहू द्या, बाबा. मी विचारतोय ते...”

“मी नाही जेवलो. तो पाग घे खुंटीवरचा. पाच मासे आण.”

“आत्ता?”

“पाच. सहावा आणलास तर परत पाठवीन.”

देवेननं घड्याळ पाहिलं. साडेबारा. ओहोटी लागली होती. म्हाताऱ्याला खूश केल्याशिवाय तो मान हलवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय पागाचं गोल जाळं फेकणं त्याच्या हातातलं काम. वडिलांनी आठव्या वर्षी शिकवलं होतं. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खांद्यावर पाग टाकून चिखलात उतरला.

जाळ्याची कड दातात धरून त्यानं पहिला पाग टाकला. पाण्यावर गोल, स्वच्छ पडला. ओढून घेतला तर चार बोय, बोटभर लांबीच्या. त्यानं त्या टोपलीत टाकल्या. असू देत, पुढे काही मिळालं नाही तर...

दुसऱ्या पागाला वीतभर तीन आल्या.

आता टोपलीत सात. पाच हवेत. त्यानं बोटभर चारही उचलून पाण्यात टाकल्या आणि पुढे सरकला.

तिसऱ्या वेळी काळुंदर आली, पाचव्या वेळी एक लालबुंद तांबोशी. तिला पाहून तो खुशीत हसला. दर वेळी टोपलीतलं सगळ्यात लहान बाहेर, नवं मोठं आत. बाबांनी मोजून पाचच मागितलेत, मग ते पाच बघण्यासारखे तरी असावेत. दीड तास कसा गेला ते त्याला कळलं नाही.

तो परतला तेव्हा बाबांनी चुलीवर पाणी ठेवलं होतं. देवेननं टोपली पुढे केली.

“वा,” बाबा म्हणाले. “पाचच?”

“पाचच. सांगितलेत तेवढेच.”

बाबांनी तांबोशी हातात घेऊन वजन पाहिलं, परत ठेवली. मग काठी घेतली, लुंगी वर खोचली आणि चिखलात उतरले.

देवेन पायरीवरून बघत राहिला. म्हातारा वाकत होता, काहीतरी उचलत होता, दोन पावलं जात होता, परत वाकत होता. कावळे त्याच्या आधी पोचले होते. काठीनं त्यांना हाकलत हाकलत तो पाण्याच्या कडेकडेनं बराच लांब गेला.

परत आले तेव्हा बाबांची लुंगी पुढून भिजली होती. त्यांनी ती देवेनसमोरच्या फरशीवर रिकामी केली आणि एकेक मासा ओळीत मांडायला सुरुवात केली.

बोय. बोय. बोय. एक शेंगटी. परत बोय...

चौदा झाले.

“हे कुठून आले?” बाबांनी विचारलं. खरंच ठाऊक नसल्यासारखं.

देवेनचे कान तापले.

“मी... सोडले होते ते.”

“सोडले?”

“पाण्यात सोडले.”

“पोहले का?”

“मी मागे वळून बघितलं नाही,” देवेन म्हणाला. आणि मग, जरा चिडून, “पाचाचीच तर मुभा होती, बाबा. मग त्यात बारीकसारीक कशाला भरायचं?”

बोलता बोलता तो थबकला.

हे वाक्य त्यानं कालच ऐकलं होतं. त्या चारातल्या एका नौकेचा तांडेल, महादेव कुबल, धक्क्यावर त्याला हेच म्हणाला होता. वीसच क्रेट आणायचे तर त्यात कचरा कशाला भरू, देवेनशेठ? आणि देवेननं त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं.

बाबा मासे साफ करायला बसले. लहान, मोठे, सगळे.

“म्हणजे नियमच चुकला,” देवेन हळूच म्हणाला.

“मला काय विचारतोस? मी पाच मागितले, तू पाच आणलेस. पाळलास की.”

देवेन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. एक बोटभर बोय उचलून तळहातावर घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती.

“तुम्ही जर म्हणाला असतात... पागात येईल ते सगळं आण. काही फेकायचं नाही. पाच झाले की परत फीर.”

“मग?”

“पहिल्या पागाला या चार आल्या. दुसऱ्याला तीन. तिथंच थांबावं लागलं असतं.”

“आणि मी काय जेवलो असतो? तुझं सर्टिफिकेट?”

देवेनला हसू आलं. “उपाशी राहिलो असतो दोघं.”

“उद्या?”

“उद्या...” तो थांबला. बोट त्या इवल्याशा माशावरून फिरत होतं. “उद्या मी कडेला पाग टाकलाच नसता. इथं पिल्लं असतात. पलीकडे खडकाकडे गेलो असतो. नाहीतर मोठ्या आसाचा पाग आणला असता, पिल्लं निसटून जातील असा.”

“कुणी सांगितलं असतं तुला?”

“कुणी नाही.” तो बाबांकडे बघत राहिला. “पोटानंच सांगितलं असतं.”

बाबांनी भांड्यात हळद, तिखट, आमसुलं टाकली. मग मासे. वाफ वर आली. दर्ग्याची मांजर येऊन पायरीवर बसली.

देवेन एकदम उठला. साडेतीन वाजले होते.

“मी निघतो, बाबा. त्या चौघांची नावं वाचायची नाहीत आज. महादेवकाकांशी आधी बोलायला हवं. आणि नियम सगळाच नव्यानं...”

“बस.”

बाबांनी दोन थाळ्या मांडल्या, भात वाढला. पाचही मोठे मासे स्वतःच्या थाळीत घेतले. चौदा लहान मासे एकामागून एक देवेनच्या थाळीत वाढले.

देवेन थाळीकडे बघत राहिला.

“मी पाच मागितले होते,” बाबा म्हणाले. “बाकीचे तू धरलेस.”

तो खाली बसला. भाताचा घास केला, मासा तोंडात टाकला, लगेच दुसरा घास उचलला. सभेला अर्धाच तास उरला होता. तिकडे धक्क्यावर माणसं जमायला लागली असतील. चौघा तांडेलांनी बाह्या सरसावल्या असतील, आणि बाकीचे अठरा त्यांच्याकडे तिरपे बघत असतील.

“ते थांबणार नाहीत, बाबा,” तो घाईघाईनं म्हणाला. “सहा आठवडे मी एक सांगितलं, आता दुसरं सांगणार. त्यांना पटेल असं मी काय बोलू?”

बाबांनी तांबोशीचा एक तुकडा मोडला, मांजरीपुढे टाकला.

“सावकाश जेव, देवेन. लहान माशाला काटे फार असतात.”