मिरवणुकीतली शिवी

“म्हणजे चुकलं माझं, असंच ना?”

आबांनी वर बघितलं नाही. मैदानात उकिडवे बसून ते सराटे उपटत होते.

“म्या कुठं काय म्हटलं?”

“तुम्ही नाही. गाव म्हणतंय.”

“मग गावाला विचार जा.”

दिगंबर कोळपे उभाच राहिला. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी. तालुक्यात त्याला आता सगळे कोळपे सर म्हणतात. त्यानं शिकवलेल्या पोरींनी नुकताच खो-खोचा राज्याचा कप आणला होता. गावाच्या नशिबात असं काही पहिल्यांदाच आलं होतं.

आबा त्याचे गुरू. नाव येसबा लाड. शिकवणं कधीच सोडलं, पण मैदान सुटलं नाही. अनवाणी पोरांच्या पायात काटा मोडू नये म्हणून रोज येऊन सराटे काढत बसतात. बाकी स्वभाव विचारू नका. त्यांच्या तोंडाला लागायला सरपंचसुद्धा भितो.

सर सल्ला मागायला आला नव्हता. त्याला आपल्या बाजूनं बोलणारं माणूस हवं होतं.

झालं होतं ते असं. कप घेऊन ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. हल्ली पोरी जिंकल्या की मास्तरच जास्त नाचतात. गुलाल उधळला, डीजे लागला आणि कुणा शहाण्यानं सराच्या हातात माइक दिला. जिंकल्यावर माणसाचं डोकं जेवढं फिरतं, तेवढं हरल्यावरही फिरत नाही. ट्रॅक्टर रंगनाथ भिसेच्या पिठाच्या गिरणीपुढं आला. रंगनाथची प्रणाली म्हणजे संघातली सगळ्यात चपळ पोरगी. पण हाच रंगनाथ मागं एकदा चारचौघांत सराला म्हणाला होता, “पोरींना चड्ड्या घालून पळवतोस, लाज वाटत न्हाई?” ते सराच्या पोटात राहून गेलं होतं. त्या दिवशी माइकमधून बाहेर पडलं. आईवरून सणसणीत शिवी. गावाच्या पार त्या टोकाला ऐकू गेली.

ती कुणीतरी फोनवर टिपली, आणि मग काय विचारता...

“उद्या क्रीडा मंडळाची बैठक आहे,” सर म्हणाला. “मला काढायचं चाललंय. तुम्ही या आणि फक्त एवढं सांगा, की शिवी ही मैदानाचीच बोली आहे.”

“हाय का?”

“नाही का? तुम्ही आम्हाला काय कमी घातल्या? ऊठ भाडखाऊ, पळ भाडखाऊ. दिवस उगवायचा तोच तुमच्या शिवीनं.”

आबा गालात हसले. एक सराटा मुळासकट निघाला. तो त्यांनी बाजूच्या ढिगावर टाकला.

“आणि नावं ठेवतंय कोण, बघा तरी,” सराला जोर चढला. “तो सरपंच. स्टँडवर उभा राहून ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढतो. शिमग्याला अख्खं गाव बोंबलत फिरतं, तेव्हा कुणाचे कान किटत नाहीत. आनंदाच्या भरात माझ्या तोंडून एक शब्द सुटला, तर मी संस्कार बुडवले. जिंकलेल्या माणसाला एवढीही सूट नाही?”

“जिंकलं कोण?”

“म्हणजे?”

“सोपं इचारतोय. कप कुणी जिंकला?”

“...पोरींनी.”

“आन् शिवी कुणाची?”

सरानं गळ्यातली शिट्टी चाचपली.

“कप पोरींचा, शिवी तुझी. दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर बसवलीस.”

सराला ते लागलं. पण माघार घेईल तर तो कोळपे कसला.

“मग लोकांनी मला नावं ठेवणं बरोबर आहे, असं म्हणता?”

“ठेवावीत की. चुकलं तर नावं ठिवायची न्हाईत तर काय, हार घालायचे? ...पर मला सांग, त्यातलं कोण आलं तुझ्याकडं?”

“कोण येतंय! सगळे फोनवर. ग्रुपवर लिहितात. समोर दिसले की, काय सर, कसं काय.”

“फाऊल,” आबा म्हणाले.

खो-खो खेळलेल्याला हे सांगायला नको. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच दमात तोंडातून खो निघाला पाहिजे. लांबूनच नुसतं खो ओरडलं, की पंच शिट्टी मारतो.

सराला बरं वाटलं. “तेच तर म्हणतोय मी! सगळ्यांचा फाऊल.”

“सगळ्यांचा,” आबा म्हणाले, आणि त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

मग त्यांनी पुढचा सराटा उपटला.

“पोरी येत्यात न्हवं मैदानावर?”

“येतात.”

“सगळ्या?”

सर रस्त्याकडं बघायला लागला.

“अरे, सगळ्या येत्यात का?”

“प्रणाली येत नाही.” सराचा आवाज खाली आला. “गिरणीपुढंच ती ट्रॅक्टरवरून उतरली. चालत्या ट्रॅक्टरवरून. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून आलेली नाही.”

“बापानं आडवलं?”

“बाप तर तेव्हा गावातच नव्हता. बाजाराला गेला होता.”

“मग गिरणीच्या दारात कोण व्हतं?”

सर बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. राज्याचा कप आणलेला माणूस, पण त्या घडीला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता.

“म्हातारी. रंगनाथची आई. ओवाळायला आली होती. तबक होतं हातात... निरांजन लावलेलं.”

आबांचा हात सराट्यावरच थांबला.

“तिच्यामुळं तर पोरगी खेळली, आबा. बापाला चोरून धाडायची. शाळेत जास्तीचा तास आहे म्हणायची. आणि मी तिच्याच... तिच्यासमोर... पण मी तिला नव्हती दिली हो. रंगनाथला दिली होती.”

“आईवरची शिवी ल्योकाला लागती व्हय रे कधी?”

सर मटकन खाली बसणार होता, पण पँट आठवली.

“पळती ती,” आबा म्हणाले.

“कोण?”

“प्रणाली. सकाळची कालव्याच्या कडंनं एकटीच पळती. म्या बघितली. मधीच थांबती, वळती, पुन्हा पळती. समोर खांब हाय असं धरून.”

सराच्या तोंडावर कसलासा उजेड आला आणि लगेच गेला. “मग मैदानावर का येत नाही?”

“बस.”

“काय?”

“बस खाली. रांगेत बसतोस तसा. माझ्याकडं पाठ कर.”

“आबा, शर्ट बघा. संध्याकाळी सत्कार आहे माझा तहसीलला.”

“बस म्हणतोय न्हवं!”

सर बसला. एक गुडघा वर, हाताचे तळवे मातीला टेकलेले. पोट आडवं येत होतं, पण अंगाला सवय होती. मागं काय चाललंय ते दिसेना. आबांच्या चपला घासत लांब गेल्या. मग काहीच ऐकू येईना.

आणि एकदम, पार मैदानाच्या कडेवरून, ठणकावून...

“ऊठ, भाडखाऊ!”

रस्त्यानं बायका कापूस वेचून घरी चालल्या होत्या, त्या थांबल्या. एकजण फिसकन हसली. सराच्या कानशिलात रक्त चढलं. तो गर्रकन वळला.

“आबा! बायाबापड्या आहेत रस्त्यावर! काय वय आहे का माझं, असं चारचौघांत...”

“लागलं?”

“लागणारच की! मी मास्तर आहे या गावचा.”

“फिरू नगंस. बस तसाच.”

सर बसला खरा, पण दात आवळून. बाया अजून उभ्याच होत्या. म्हाताऱ्याला वेड लागलंय, आपण उगाच आलो, उठावं आणि चालतं व्हावं, असं त्याच्या मनात चाललं होतं. चपला पुन्हा घासत आल्या. जवळ आल्या. अगदी मागं येऊन थांबल्या.

दोन खांद्यांच्या मधोमध एक पंजा पडला. मातीनं भरलेला, काट्यांनी खरखरीत झालेला.

“ऊठ, भाडखाऊ.”

आवाज तेवढाच मोठा. बाया तिथंच. शब्द तोच.

पण सर उठला. उठला कसला, सुटला. आपण पळतोय हे कळायच्या आधीच तो निम्मं मैदान ओलांडून गेला होता. शिट्टी छातीवर आपटत होती, शर्ट बाहेर आला होता, पायातला एक बूट मागंच राहिला होता. खांबाला हात लावूनच तो थांबला. धापा टाकत तिथंच वाकला. बाया खो खो हसत पुढं गेल्या, आणि तोही हसायला लागला. हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. पांढऱ्या बाहीवर मातीचा पट्टा उमटला.

कितीतरी वेळानं तो एका बुटानं लंगडत परत आला.

“आता कुठं लागली?” आबांनी विचारलं.

सरानं नुसती मान हलवली. मग खाली बसून बूट चढवला. नाडी बांधता बांधता म्हणाला, “उद्याच्या बैठकीला येऊ नका तुम्ही. ते काढणार असतील तर काढू देत. मी चौकात मांडव घालतो. सगळं गाव गोळा करतो आणि माइकवर माफी मागतो. जशी दिली, तशीच.”

“माइकला पाठ असती का रे?”

सराची नाडी तशीच हातात राहिली.

“...मग गिरणीवर जातो. आत्ताच. सत्कार गेला खड्ड्यात.”

आबा पुन्हा उकिडवे बसले होते. त्यांनी ‘जा’ म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही.

सर निघाला. मैदानाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. मघाचा जोर कुठं गेला कुणास ठाऊक.

“आबा, म्हातारी दार लावून घेईल. मला बघितलं की लावतेच. काल मी रस्त्यानं चाललो होतो, तर खिडकीसुद्धा लावली तिनं. मी काय त्या बंद दाराशी बोलू?”

आबांनी हातातला सराटा ढिगावर टाकला.

“दारापुढं ओटा हाय न्हवं तिच्या?”

“आहे.”

“मग दाराकडं पाठ करून बस.”