जयवंतीचे पाहुणे

होड्या बोलत होत्या आणि स्तुतीला भुलतही होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका खाडीत जयवंती नावाची नवीकोरी होडी होती. रंग उडेल म्हणून ती धक्का सोडायला तयारच नसायची.

एके दिवशी तिच्या तळाशी कणाएवढा शिंपला आला. “ताई, डोकं टेकण्यापुरती जागा द्या. तुमच्यासारखी देखणी होडी मी पाहिली नाही!” त्याने दुसरी होडी पाहिलीच नव्हती. जयवंती विरघळली. शिंपल्याने नम्रपणे डोकं टेकलं, ते डिंकाने पक्कं चिकटवलं आणि भोवती चुन्याचं घर बांधलं.

शेजारची जुनी होडी म्हणाली, “अगं, समुद्रावर चल. फिरत्या होडीला हे सहसा चिकटत नाहीत.”

“तुला कुणी ताई म्हणत नाही, म्हणून जळतेस!” जयवंती फणकारली.

मग शिंपल्याचे काका आले, मामा आले, मामांचे व्याहीही आले. परत कुणीच गेलं नाही.

मासळीचा हंगाम आला. सगळ्या होड्या पुढे गेल्या, जयवंती मात्र तळाच्या पाहुण्यांच्या ओझ्याने जागीच डुलत राहिली. मालक हिरोजीने तिला वाळूवर ओढून तळ खरवडायला घेतला. शिंपल्यांबरोबर रंगही निघाला. ती कळवळली.

शेवटचा शिंपला ओरडला, “ताई, सांगा ना त्यांना, आम्ही घरचेच आहोत!”

“हिरोजीदादा,” जयवंती म्हणाली, “जरा जोर लावा.”