परसदारच्या चपला

दशरथ व्हटकरला त्या दिवशी काहीच कळेनासं झालं होतं. सहा दुकानांचे मालक रावसाहेब मिरजे दारात बूट काढून घरात बसले होते. पण आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांसाठी त्यानं आणि बायको इंदूनं बनवलेल्या मऊ चपला त्यांनी पायात घालूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

"नवी चप्पल चावतेच. पायात आहे हेच विसरायला लावेल अशी आणा, मग दुकानात ठेवतो."

भांडायचं सोडून बायकोनं त्यांच्यापुढे कांदाभजी ठेवली! दशरथ चक्रावला. मग हात धुवायला ती त्यांना परसदारी घेऊन गेली. तिथं असतील त्या चपला माणूस न बघता सरकवतो, तशा साहेबांनीही सरकवल्या. हात धुऊन, मागची चपला बनवायची शेड बघून ते बाहेरूनच गाडीपाशी आले. बूट पुढच्या दारातच! दशरथ हाक मारणार, तोच इंदूनं डोळे वटारले. आता हे काय?

"चावणारी चप्पल मी विकणार नाही," साहेबांनी पुन्हा बजावलं.

"नका विकू," इंदू म्हणाली. "अहो, साहेबांचे बूट आणा. आणि साहेब, तुमच्या पायातल्या आमच्या नव्या चपला तेवढ्या काढून द्या."

साहेबांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बूट पिशवीत घाला," ते म्हणाले.