तिवरखारच्या द्वारकेची भिंत

तिवरखारमध्ये मूल बोलायला लागलं की त्याला आधी एक नियम शिकवायचे. गावकीने ज्याला वाळीत टाकलं, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. जो काढेल, त्याचंही घर वाळीत. आणि हे का, ते विचारायचं नाही.

द्वारकेने लहानपणी एकदा विचारलं होतं. उत्तर म्हणून आजोबांनी तिला दिवसभर परसात उभं केलं. उत्तर नसलं की मोठी माणसं शिक्षा देतात, हे तिला तिथे उन्हात उभ्या उभ्याच कळलं, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायला तरीत, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीत बसायचं आणि ती होडी परत गावच्या धक्क्याला लागायची. त्या तरीतून जिल्ह्याचं वर्तमानपत्र यायचं, शिळं आणि ओलसर. द्वारका सातवी शिकलेली, म्हणून ती धक्क्यावर उभी राहून ते वाचून दाखवायची. मिठागरावरच्या बाया पायांचं मीठ झटकत ऐकायच्या. एके दिवशी एक म्हातारी म्हणाली, "साऱ्या जगाची खबर आपल्याकडं येते गो. आपली कुठं जाते?"

द्वारका त्या दिवशी घरी जेवली नाही. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ती परत धक्क्यावर आली. तिथे मिठाच्या कोठाराची लांब पांढरी भिंत होती, तोंड खाडीकडे. त्या भिंतीवर तिने गावाची बातमी लिहिली. भरती कधी, मिठाला भाव काय, कोणाची होडी परतली, कोणाला मुलगी झाली. रोज जुनं पुसायचं, नवं लिहायचं. गावाला भिंतीचा इतका लळा लागला की तरीतून उतरणारा माणूस घरी जाण्याआधी भिंत वाचायचा. पंचसुद्धा वाचायचे. स्वतःचं नाव असलं तर दोनदा वाचायचे.

मग ते उधाण आलं. समुद्राच्या पाण्यापासून शेतं वाचवणारा बांध फुटायला आला. गावकीचे म्होरके नाथा म्हात्रे यांनी राही भोईरच्या नवऱ्याला भगदाड बुजवायला खाली पाण्यात उतरवलं. एकट्याला, कमरेला दोरही न बांधता. बांध वाचला, तो गेला. दिवसकार्य झाल्यावर राही बैठकीत उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "त्याला एकट्याला का उतरवलं?"

गावकीने तिला वाळीत टाकलं.

खाडीकाठचं गाव ते. चहूकडे पाणी आणि सगळं खारट. गोड पाण्याची विहीर एकच आणि तिच्यावर राहीला बंदी. तिच्या दोन लहान मुली रात्रीचं दव पडलेली पानं चाटायच्या, असं म्हणतात. गाव बघत होतं. गाव काही वाईट नव्हतं, गाव घाबरलेलं होतं, असं मोठी माणसं आजही सांगतात. तहानलेल्या पोरींना त्यातला फरक कळला नसावा.

वाळीत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर भरतीची वेळ होती, मिठाचा भाव होता, वरच्या आळीतली हरवलेली गाय सापडल्याची खबर होती. आणि खाली लिहिलं होतं : राही भोईर हिला विहिरीवर पाणी नाही. तिच्या नवऱ्याला बांधावर एकट्याला का उतरवलं, हे तिने विचारलं म्हणून.

गावात कोणी ते मोठ्याने वाचलं नाही. पण तरीतून परगावची माणसं उतरत होती. त्यांना कसला नियम? ती खुशाल विचारू लागली, "ही राही भोईर कोण हो?" जे नाव गावात मेलं होतं, ते खाडीच्या दोन्ही काठांनी फिरायला लागलं.

नाथा म्हात्रेंनी माणसं पाठवून भिंतीला चुना फासला. सकाळी अक्षरं चुन्यातून वर आली. पुन्हा फासला, पुन्हा वर आली. कच्च्या चुन्यातून कोळसा दिसतोच, असं शहाणे लोक सांगतात. तिवरखारची माणसं सांगतात की दर चुन्यागणिक अक्षरं मोठी होत गेली, हातभर झाली, मग पुरुषभर झाली, आणि पलीकडच्या काठावर गुरं राखणाऱ्यांना बसल्या जागेवरून वाचता येऊ लागली. मग एका सकाळी पलीकडून एक होडी आली. तिच्यात माणसं नव्हती, नुसते गोड्या पाण्याने भरलेले हंडे होते. वल्ही कोणी मारली, ते आजवर कोणाला ठाऊक नाही.

त्याच दिवशी विहिरीजवळच्या वडाखाली बैठक बसली. सारं गाव जमलं. पंचांत द्वारकेचा बाप पोशाही होता. त्याने येताना तिला हळूच सांगितलं, "पूस गो बाय. आपलं घर जाईल." द्वारकेने बापाकडे पाहिलं. कोणी ऐकलं का, म्हणून तो इकडे तिकडे बघत होता. ते पाहून तिलाही भीती वाटली, असं म्हणतात. वाटली नसती तर तिची आठवण कोणी कशाला ठेवली असती?

नाथा म्हात्रे म्हणाले, "द्वारके, लय शाळा झाली तुझी. आता ती भिंत पूस. नाय तर तुझं घर पन वाळीत."

"पुसते की काका. काय पुसू?"

"येड पांघरू नको. तुला ठावं हाय."

"भरतीची वेळ पुसू?"

"ती कशाला? होड्या काय वाऱ्यावर सोडू?"

"मिठाचा भाव पुसू?"

"भाव ऱ्हाऊ दे."

"गाय सापडली, ते पुसू?"

"गाय माझी हाय," दुसरा एक पंच घाईने म्हणाला. "ती ऱ्हाऊ दे." मागे बाया पदरात तोंड घालून हसल्या.

"मग उरलं काय, ते तुम्हीच सांगा," द्वारका म्हणाली. "ज्या बाईचं नाव पुसायचं, तिचं नाव एकदा मोठ्याने घ्या."

नाथा म्हात्रेंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नाव घेणाऱ्याचं घर वाळीत. नियम त्यांचाच होता. त्यांनी शेजारच्या पंचाकडे पाहिलं, त्याने पोशाकडे, पोशाने आपल्या पायांकडे.

"तुम्हाला नाव घेता येत नाही, तर मी पुसत नाही," द्वारका म्हणाली. "आणि घेतलंत, तरी पुसणार नाही. हेही ऐकून ठेवा."

कोणी बोललं नाही. ओहोटी लागली, भरती आली, तरी कोणी बोललं नाही, असं म्हणतात. त्या शांततेत राही आपल्या मुलींना घेऊन आली आणि तिने विहिरीत बादली सोडली. दोराची करकर साऱ्या गावाने ऐकली. पोशा उठला आणि त्याने तिचा हंडा उचलून दिला.

आता खाडीवर पूल आहे आणि मिठागरं बुजली आहेत. भिंत मात्र उभी आहे. दर दिवाळीआधी तिला चुना लावतात आणि त्यावर कोळशाने पहिली ओळ गावातली एखादी पोरगी लिहिते. बैठक बसली की ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याचं नाव सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने आधी मोठ्याने घ्यायचं, हा आता तिवरखारचा नियम आहे. आणि तो का, हे कोणीही विचारू शकतं.

अजूनही एखादं वर्ष असं येतं की लिहिलेलं वाचून म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "पुसा गो ते," कोणीतरी म्हणतं. मग ती पोरगी कोळसा हातात तसाच धरून वळते आणि विचारते, "काय पुसू?"

आणि भिंतीपुढची सगळी वडीलमंडळी गप्प होतात.